घाटाआधीची शाकारणी

आमच्या गॅरेजात गाडी उघडण्याचं काम ह्यांचं होतं. कधी उघडायची, हे ठरवण्याचं काम माझं. पहिल्या कामाला लोक कारागिरी म्हणतात. दुसऱ्याला बहुतेकांनी लबाडी म्हटलं. चालती गाडी दारात उभी असताना तिच्यातला धडधाकट भाग काढून नवा घालायला सांगणारी बाई म्हणजे एक तर वेडी, नाही तर पक्की धंदेवाईक. मी वेडी नव्हते, तेव्हा लोकांनी दुसरा अर्थ घेतला.

शहापूरला आग्रा रोडच्या कडेला आमची पत्र्याची शेड होती. ह्यांना सगळे मिस्त्री म्हणत आणि मला वहिनी. मी पाना कधी चालवला नाही. फार तर वाऱ्यानं खिडकी आपटू नये म्हणून फटीत अडकवला. माझ्या ताब्यात सुट्या भागांचं कपाट होतं. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत वॉशर, पॉइंट, प्लग, गॅस्केटं, आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. घरात मीठ संपायच्या आधी मीठ आणायचं, हे मला आईनं शिकवलं होतं. कपाटालाही मी तोच नियम लावला, आणि मग हळूहळू गिऱ्हाइकांच्या गाड्यांनाही.

त्याला कारण होतं. त्या काळात आमच्याकडच्या बहुतेक गाड्या परदेशी, आणि आमच्या हाती येईपर्यंत दोन-तीन मालक करून आलेल्या. भाग मुंबईहून मागवायचा. आधी तो तिथं आहे का ते कळायला वेळ, मग तो यायला वेळ, आणि आल्यावर तो ह्या गाडीचा नव्हेच हे कळायला फक्त एक क्षण. “मोडला की बदलू” म्हणणाऱ्यांच्या गाड्या आमच्या अंगणात उभ्या राहत. एकीच्या मागच्या सीटवर आमच्या कोंबडीनं अख्खी वीण उठवली, तरी भाग आला नव्हता.

ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनातले भाग दोन स्वभावांचे असतात, बोलके आणि मुके. पिस्टनच्या रिंगा, बेरिंगं हे बोलके. धूर सोडतील, ठोका देतील, चढावर कण्हतील. महिनोन्‌महिने तक्रार करतील आणि तरी कामावर येत राहतील. त्यांची भीती नाही. भीती मुक्यांची. पंख्याचा पट्टा, रेडिएटरचे रबरी पाइप, ठिणगीचे पॉइंट, पेट्रोल खेचणाऱ्या पंपातली रबरी पडदी. हे सकाळी हसतखेळत असतात आणि दुपारी नसतात. मी जन्मभर मुक्यांच्या मागावर राहिले.

पट्टा उलटा दुमडून बघायचा. उन्हाळ्यातल्या भातखाचरासारख्या भेगा दिसल्या की काढायचा. पाइप गार असताना दोन बोटांत दाबायचा. पिकल्या चिकूसारखा लागला तर गेला, आणि जून भेंडीसारखा लागला तरी गेला. पण खरं सांगायचं तर वस्तूपेक्षा मी माणूसच जास्त तपासायची. गाडी डांबरी रस्त्यावर असते की मुरबाडकडच्या धुळीत? रेडिएटरमध्ये पाणी विहिरीचं घालता की ओढ्याचं? उताराला इंजिन बंद करून पेट्रोल वाचवता का? ह्या शेवटच्या प्रश्नाला एकजात सगळे नाही म्हणत. जो नाही म्हणताना चपलेकडे बघे, त्याचे भाग मी इतरांच्या आधी बदलायला काढी.

चांगले भागही मी काढायला लावले असतील, हे कबूल. मुका भाग अजून किती चालला असता, हे तो काढल्यावर कधीच कळत नाही. न काढल्यावर बरोबर कळतं, पण तेव्हा आपण सिद्धगडाच्या पायथ्याशी जांभळीखाली बसून बैलगाडीची वाट बघत असतो.

सगळ्यांशी वाद जिंकले असंही नाही. एक वैद्यबुवा गाडीतून खेडोपाडी फिरत. पंपातली पडदी बदला म्हटलं, तर मला म्हणाले, मी धडधाकट माणसाला औषध देत नाही. मी म्हटलं, पाडव्याला कडुनिंब देता की नाही? त्यावर ते शांतपणे म्हणाले, “देतो. पण पोट काढून दुसरं बसवत नाही.” मी पडदी परत डब्यात ठेवली. पुढे ती पडदी वाशिंदच्या अलीकडे फाटली, तेव्हा वैद्यबुवा उरलेला रस्ता पायी चालले आणि वाटेत भेटेल त्याला चालण्याचे फायदे सांगत गेले. गाडीचं नाव काढलं नाही. असा माणूस हरत नाही.

पण आज सांगायची आहे ती मुरबाडच्या दामूशेठची गोष्ट.

दामूशेठची स्वतःची टॅक्सी होती आणि ते स्वतःच ती चालवत. पोटानं गोल, आवाजानं मोठे, मनानं सरळ. गाडीच्या बाबतीत त्यांचं एकच तत्त्व होतं, आणि ते ऐकवायला त्यांना कारण लागत नसे. “चालत्ये ना वयनी? मंग चालू द्यायची. चालत्या बैलाला कोन टोचतंय?”

त्यांची थोरली मुलगी सुमन लग्नाची झाली. पहिलं स्थळ घोटीकडचं आलं. दामूशेठ पाहुण्यांना आपल्याच गाडीतून घेऊन आले. मुलगी पसंत पडली, पोहे पसंत पडले, पत्रिकाही जुळली. पाहुण्यांना परत सोडायला निघाले, तर कसाऱ्याच्या घाटात भर दुपारी पंख्याचा पट्टा तुटला. रेडिएटर उकळला. मुलाची आई, आत्या आणि एक म्हातारे मामा उन्हात पुढच्या वळणापर्यंत चालले. आठवड्यानं निरोप आला, की पत्रिका जुळत नाही. चहाच्या वेळी जुळलेली पत्रिका घाट चढेपर्यंत जुळेनाशी झाली होती.

दामूशेठनी पट्टा तेवढा नवा घालून घेतला आणि विषय मिटला असं ठरवलं. गावानं मात्र मिटवला नाही. ह्यांच्या गाडीत बसलं की लग्न मोडतं, अशी थट्टा मुरबाडच्या स्टँडवर सुरू झाली. थट्टाच ती, पण मुलीच्या कानावर जात होतीच.

वर्षभरानं दुसरं स्थळ आलं. मुलगा वसंत, इगतपुरीला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर. वडीलही रेल्वेतलेच. त्यांना पास होते. ते आरामात आसनगावला उतरले असते. पण दामूशेठना ते कसं चालेल? टॅक्सीवाल्याच्या घरचे पाहुणे रेल्वेनं आले तर मग टॅक्सी कशाला ठेवली, असं लोक विचारतील. पाहुणे त्यांच्याच गाडीतून येणार आणि त्यांच्याच गाडीतून परत जाणार. म्हणजे पुन्हा तोच घाट.

चैत्र संपत आला होता. दामूशेठ सुमनला घेऊन शहापूरच्या बाजाराला आले आणि गाडी सावलीला म्हणून आमच्या शेडजवळ लावली. ते ह्यांच्याशी गप्पा मारत उभे राहिले, तशी सुमन कपाटाकडे आली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्यासारखं करत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली,

“काकी, बाबांना काय सांगायचं ते सांगा. पन या टायमाला गाडी घाटात थांबाया नको.”

मी विचारलं, मुलगा बघितलायस का? मावसबहिणीच्या लग्नात बघितला होता. मांडवातला कंदील भडकत होता, तो त्यानं कुणी न सांगता उतरवून वात कापून परत टांगला. एवढंच बघितलं होतं.

“मंग?” मी तिच्याच भाषेत विचारलं.

“मंग काय. मला हेच घर पायजे,” ती म्हणाली आणि पॉइंटचा डबा उगाचच सरळ करून ठेवला.

मी लगेच कामाला लागले. बॉनेट उघडायला लावलं. वरचा पाइप दाबला, चिकू. खालचा दाबला, तोही चिकूच. पॉइंट जळून काळे पडले होते. पंपाची पडदी कधी बदलली होती ते दामूशेठना आठवत नव्हतं, म्हणजे बदलली नव्हती. मी एकेक सांगत गेले, आणि ते प्रत्येकाला मान हलवत गेले. नाही अशी मान.

“आन नवा पाइप घातला नि तोच फुटला तं?” ते म्हणाले. “जुन्याचा तरी भरोसा हाय. इतकी वरसं फुटला नाय.”

ह्या युक्तिवादाला तोड नाही. म्हातारा इतकी वर्षं मेला नाही म्हणजे आता मरणारच नाही, असा तो आहे. मी पट्ट्याची आठवण करून दिली, तर म्हणाले, तो तर बदलला ना, आता झालं. सुमन लांब उभी राहून सगळं ऐकत होती.

समोर रस्त्यापलीकडे एका घराची शाकारणी चालली होती. पावसाच्या आधी, उन्हाळ्यातच आमच्याकडे घराघरावर माणसं चढतात. नळीची कौलं उतरवायची, झाडायची, परत बसवायची, फुटक्याच्या जागी नवी घालायची. ते बघून मला जे सुचलं, ते वैद्यबुवांच्या वेळी सुचायला हवं होतं.

“दामूशेठ, तुमचं घर गळतं का हो?”

“नाय. का गळंल?”

“मग दरसाल शाकारता कशाला?”

“काय वयनी, शेरातल्यासारखं विचारता. पाऊस पडाया लागल्यावर वर कोन चढंल?”

“घाट म्हणजे तुमच्या गाडीचा पाऊस,” मी म्हटलं.

ते समोरच्या छपराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, आणि एवढी साधी गोष्ट मी इतकी वर्षं लपवून ठेवल्यासारखे रागावले. “मंग तसं सांगायचं ना. बदला बदला काय करता? शाकारनी करायची म्हना की.”

मला इतका आनंद झाला, की पुढचा धोका दिसलाच नाही.

ह्यांनी पाइप उतरवले, पॉइंट काढले, पंप खोलला. दामूशेठ धोतर सावरून खाली बसले आणि उतरलेला एकेक भाग हातात घेऊन दोन ढीग करायला लागले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, “धड नि फुटकी. धड हायत ती परत चढवा. फुटकी तेवढी नवी.”

शब्द माझाच होता. आता तो माझ्याच पायात आला. त्यांच्या हिशेबानं खालचा पाइप धड होता, एक पॉइंट धड होता, आणि पंपाच्या पडदीला भोक नव्हतं म्हणून तीही धडच होती. हे पाना हातात धरून माझ्याकडे बघत होते. तू लावलंस, तू निस्तर, असा तो चेहरा. संसारात हा चेहरा मला चांगला परिचयाचा होता.

मी दामूशेठच्या शेजारी बसले. म्हटलं, “जुनी धड कौलं कुठं चढवता? माजघरावर?”

“छे. माजघरावर नवी. जुनी गोठ्यावर.”

“मग इंजिन म्हणजे माजघर. आणि डिकी म्हणजे गोठा.”

हे त्यांना पूर्ण पटलं. नवे भाग इंजिनात गेले, जुने डिकीत. ह्यांनी गाडी चालू करून दाखवली. सुमननं गाडीत बसताना मला मान तुकवून नमस्कार केला. मी त्या दिवशी स्वतःवर फार खूश होते. हे म्हणाले, फार खूश होऊ नकोस, गाडी अजून मुरबाडला जायचीय.

ह्यांची बोलायची पद्धत अशीच. दुर्दैवानं ते बरोबर होते.

पुढचं मला नंतर कळलं, थोडं दामूशेठकडून आणि बाकीचं, जास्त खरं, वसंतकडून.

गाडी मुरबाडला गेली. दामूशेठनी दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून नवे कोरे काळे पाइप बघितले आणि त्यांचं मन हळहळलं. घरात सुमनची पाहण्याच्या दिवसाची लुगडी काढणं चाललं होतं. सुमनच्या आईचं म्हणणं, पाहायला येतात तेव्हा वापरातलंच बरं नेसवावं. कोरं लुगडं लग्नाला ठेवावं. दामूशेठना हे फारच योग्य वाटलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, नवे पाइप काढले, फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवले आणि जुने परत चढवले. पंप उघडणं त्यांना येत नव्हतं, म्हणून पडदी वाचली. पुढे मी जाब विचारला, तेव्हा ते म्हणाले, “तुमचं ऐकलंच की वयनी. दोन्ही गाडीतच ठेवली. जागा तेवढी बदलली.”

पाहुणे आले. वसंत, त्याचे आईवडील आणि एक काका. त्यांना आणायला गाडी रिकामी, पहाटेच्या गारव्यात घाट चढली होती, आणि येताना घाट उताराचा, त्यामुळे काही झालं नाही. पोहे झाले, प्रश्न झाले. सुमनला विचारलं, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. वसंतनं काही विचारलं नाही. “कळवतो,” असं म्हणून पाहुणे उठले. कळवतो ह्या शब्दाचा अर्थ दामूशेठच्या घरात सगळ्यांना माहीत झाला होता. सुमन दारात उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत होती, असं तिच्या आईनं मला सांगितलं.

परतताना घाट चढाचा. कसारा मागे पडला, वळणं सुरू झाली, आणि जवळजवळ मागच्याच जागी बॉनेटखालून वाफ आली. वरचा पाइप लांबट फाटला होता. दामूशेठनी गाडी कडेला घेतली. उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचा आवाज, जो मुरबाडच्या स्टँडवर एका टोकाचा दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, तो कुठं गेला कुणास ठाऊक. मागून पाहुणे उतरले. मुलाची आई, पुन्हा एकदा उन्हात. दामूशेठना वाटलं, आता ह्या बाई चालायला लागतील आणि आठवड्यानं पत्रिका न जुळल्याचा निरोप येईल.

वसंतनं कोट काढून आईच्या हातात दिला. इंजिन जरा निवू दिलं, जवळच्या झऱ्यावरून काकांना पाणी आणायला पाठवलं आणि विचारलं, जुना पाइप वगैरे काही आहे का गाडीत? बांधून चालवू वरपर्यंत.

दामूशेठनी डिकी उघडली. वसंतनं फडकं सोडलं, तर आत नवा कोरा पाइप. शेजारी खालचा, तोही नवा. इंजिनशेडमधला माणूस तो. त्यानं आधी पाइपकडे बघितलं, मग इंजिनाकडे, मग दामूशेठकडे.

“मामा, नवा हाताशी असताना फाटका का घातला?”

दामूशेठना खोटं बोलता येत नसे. ते जमिनीकडे बघून म्हणाले, “लग्नासाठी ठेवलाय.”

पाहुण्यांनी अजून होकार दिलेला नव्हता. “कळवतो” एवढंच म्हटलं होतं. मुलाचे वडील काहीतरी बोलणार, एवढ्यात मुलाच्या आईनं विचारलं, “कुणाच्या लग्नासाठी?”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “आमच्या सुमनच्या,” दामूशेठ म्हणाले. “नवं ते लग्नाला घालायचं, म्हनून. ठरलं असतं तं.”

वसंत म्हणतो, आईनं कोट ह्या हातातून त्या हातात घेतला, आणि मग त्याला वाटलं की ती रडतेय. ती हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग डोळे पुसून मुलाला म्हणाली, “घाल रे तो.”

“कुठला?”

“लग्नातला. घातल्याशिवाय वर कसं जायचं? आणि एकदा लग्नातला घातला, म्हणजे लग्न ठरलंच म्हणायचं. नाहीतर ह्या माणसाचा पाइप फुकट जाईल.”

वसंतनं पाइप चढवला. दामूशेठनी क्लिपा धरल्या. तिरक्या बसल्या म्हणून वसंतनं त्या परत काढून नीट बसवल्या. झऱ्याचं पाणी गाळून घातलं. गाडी इगतपुरीपर्यंत थांबली नाही. दामूशेठ रात्रीचे तिथंच राहिले. सकाळी परत येताना आधी मुरबाडला न जाता आमच्या शेडपाशी थांबले आणि गाडीतूनच मला हाका मारायला लागले. मी बाहेर गेले, तर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले. मला वाटलं, गेलं हेही स्थळ. त्यांनी मान वर केली आणि सगळं सांगितलं, उलटसुलट, शेवटापासून. पाइप बदलल्याचं सांगताना जरा अडखळले. मी रागावायला हवं होतं. मी ह्यांना चहा ठेवायला सांगितलं. आमच्या घरात असं फार वेळा झालेलं नाही.

लग्न वैशाखात झालं. लग्नाआधी दामूशेठनी गाडी आपण होऊन आणून उभी केली आणि म्हणाले, आता सगळं कोरं घाला, आता लग्नच हाय. मी मनासारखी शाकारणी करून घेतली. वरात घाट चढून गेली, वाफ नाही, ठोका नाही, काही नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या धंद्यातलं यश असंच असतं. काही घडलं नाही, हे कुणी सांगत बसत नाही.

घडलं ते मात्र तालुकाभर झालं. कसाऱ्याच्या घाटात दामूशेठची गाडी फुटली आणि सोयरीक जमली, एवढंच लोकांनी धरलं. पुढच्या हंगामात माझं कुणी ऐकेना. पाइप दाबून “चिकू झालाय” म्हटलं, की गाडीवाले एकमेकांकडे बघून हसत. सरळगावचे एक टॅक्सीवाले तर दुपारी गिऱ्हाईक नसताना आले. त्यांच्या घरी लग्नाच्या दोन मुली होत्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले,

“वयनी, दामूशेठचा तो फाटका पाइप तुमच्याकडं हाय ना?”

मी विचारलं, फाटका पाइप घेऊन काय करणार?

“पाव्हनं येनार हायत नाशकाकडचं. घाटापुरता चढवीन म्हन्तो.”

मी त्यांना घाट, पाऊस, माजघर, गोठा, सगळं पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी सगळं आदरानं ऐकून घेतलं आणि परत विचारलं, पाइप हाय का. शेवटी मला खरं ते सांगावं लागलं. तो पाइप माझ्याकडे नव्हता. वसंतनं तो घाटातून आपल्या इंजिनशेडमध्ये नेला होता, आणि सुमन इगतपुरीला गेल्यावर तिनं तो तिथून मागून घरी आणला. आता त्यांच्या परसातल्या नळाला लावलाय, जाईच्या वेलाला पाणी घालायला.

“फाटका नळाला?” त्यांनी विचारलं.

“वसंतनं फाटका भाग कापला,” मी म्हटलं. “उरलेला धड होता.”

त्यांनी मान डोलावली. तेवढं त्यांना लगेच पटलं.